पंचगंगाकाठच्या गावासाठी पूरपट्टी : फेब्रुवारी ते जुलैच्या कामाच्या नोंदी

५ फेब्रुवारी

मागचं वर्ष ओलं गेलं. विहिरी अजून वर आहेत, नदीकाठच्या मळीतली ओल हटलेली नाही. आपला पूर आषाढ-श्रावणातला असला तरी त्याचं काम फाल्गुन ते वैशाखातच उरकावं लागतं, म्हणून आत्ताच हात घातलाय.

गाव शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमाच्या वरच्या अंगाला. इथे सगळे राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतात : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण हे फूट कोल्हापुरातल्या त्या बंधाऱ्यावरचे आहेत. तिथे ४३ असताना आपल्या ओढ्यावरच्या रस्त्यावर पाणी आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. खालून कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेला फुगवटा येतो आणि कोल्हापुरात पाणी थांबलं तरी इथे चढतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत हे स्पष्ट दिसलं. राजाराम बंधाऱ्यावर २०२१ चं पाणी २०१९ पेक्षा वर गेलं, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर मात्र २०१९ चंच वरचढ. आपलं गाव या दोघांच्या मधे.

करायचं ते एवढंच : नदीपासून गावापर्यंत पाण्याची उंची दाखवणाऱ्या स्वतःच्या फूटपट्ट्या, म्हणजे पूरपट्ट्या, बसवायच्या आणि प्रत्येक गल्लीचा, रस्त्याचा, उंबऱ्याचा आकडा त्याच मापात काढायचा. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर असतात. निळी २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. बांधकाम कुठे करू नये ते त्या सांगतात, जनावरं कधी हलवायची ते सांगत नाहीत.

११ फेब्रुवारी

पातळी नेण्यासाठी गवंड्याची पद्धत वापरून पाहिली. पारदर्शक नळी, ३० मीटर, ५४० रुपये. घाटापासून देवळाच्या पारापर्यंत चार टप्पे टाकले, परत फिरून आलो तर सुरुवातीच्या खुणेपासून ४१ मिलिमीटर वर. एका टप्प्यात नळीत बुडबुडा होता, त्याने एकट्याने १७ खाल्ले. दुसऱ्या टप्प्यात नळीचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत पडला होता, दोन्हीकडचं पाणी जुळेना.

नळी टाकाऊ नाही. एका गल्लीतले उंबरे एकमेकांशी ताडायला ती उत्तम, फक्त पाणी एका टोकाने हळू भरायचं, दोन्ही टोकं उघडी ठेवायची आणि पाणी हलायचं थांबल्यावरच खूण करायची. घाट ते ओढा ते शाळा हा लांबचा फेरा तिच्या आवाक्यातला नाही. ऑटो लेव्हल, म्हणजे दुर्बिणीतून पातळी बघायचं यंत्र, भाड्याने आणायचं ठरलं.

१८ फेब्रुवारी

ऑटो लेव्हल, तिपाई आणि पाच मीटरची स्टाफ (उभी धरायची मोजपट्टी) मिळून दिवसाला ७०० रुपये.

घाट, देऊळ, ओढ्यावरची मोरी, शाळा आणि परत घाट असा १.४ किलोमीटरचा फेरा घेतला. साध्या कामाला फेऱ्याची चूक २४ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ इतके मिलिमीटर चालते, म्हणजे इथे २८. आमची निघाली ६२. दिवस फुकट गेला.

रात्री वह्या काढून कारण शोधलं, दोन निघाली. स्टाफ ओढून लांब करायची असते आणि तिच्या सांध्याची खिट्टी पूर्ण बसली नव्हती. मोरीजवळच्या उतारावर वरच्या भागावर घेतलेली वाचनं त्यामुळे चुकली. दुसरं म्हणजे यंत्रापासून मागच्या वाचनाचं अंतर १५ मीटर आणि पुढच्याचं ४५ असं कुठेही धरलं होतं. अंतरं सारखी असली तर यंत्राची तिरकी नजर दोन्हीकडे तेवढीच चुकते आणि वजाबाकीत निघून जाते.

१९ फेब्रुवारी

कामाला लागण्याआधी दोन खुंट्यांची चाचणी घेतली. ४० मीटरवर दोन खुंट्या, आधी यंत्र बरोबर मधे, मग एका खुंटीजवळ. दोन्ही वेळच्या फरकांत ६ मिलिमीटरची तफावत. भाड्याच्या यंत्राला एवढं असणारच, म्हणून आज दर टप्प्याला अंतर पावलांनी मोजून सारखं ठेवलं. स्टाफ धरणाऱ्याने प्रत्येक वाचनाआधी खिट्टी दाबून मोठ्याने "बसली" म्हणायचं, असा नियम केला. फेऱ्याची चूक ९ मिलिमीटरवर आली.

२३ फेब्रुवारी

कायमची खूण हलवावी लागली. ती ओढ्याजवळच्या नव्या काँक्रीटच्या कडेवर कोरली होती आणि आज त्याच रस्त्यावर नवा थर पडला. खूण गेली. नशिबाने १९ तारखेच्या फेऱ्यात देवळाच्या जोत्याचा कोपरा घेतलेला होता.

आता मुख्य खूण देवळाच्या जोत्याच्या काळ्या दगडावर, जोडीला दोन साक्षी खुणा : ग्रामपंचायतीची पायरी आणि जुन्या विहिरीचा कठडा. तिन्हींपैकी एक हलली तर उरलेल्या दोघी सांगतील. खूण अशा जागी करा जिला पुढच्या वीस वर्षांत कुणी निधी देणार नाही.

४ मार्च

शून्य कुठे धरायचं यावर दोन संध्याकाळ गेल्या. बऱ्याच जणांचं म्हणणं, राजाराम बंधाऱ्याशी जुळेल असं धरा, म्हणजे बातमीतला आकडा आणि आपला आकडा एकच. ते जुळवणं शक्य नाही. दोन जागांमधला उतार दर पुरात बदलतो, एका दिवशी जुळवलेला आकडा दुसऱ्या दिवशी खोटा ठरतो. शून्य आपल्या घाटाच्या पाण्याबाहेर दिसणाऱ्या सर्वांत खालच्या पायरीवर धरलं.

इथे एक चूक झाली, ती मे महिन्यात कळली. त्या नोंदीत आहे.

१० ते १६ मार्च

पुराच्या जुन्या खुणा शोधणं. सगळ्या कामातला हा भाग सर्वांत नाजूक, पुन्हा करायचा झाला तर याला दुप्पट वेळ देऊ.

पहिल्या दिवशी खालच्या गल्लीतल्या सात घरांच्या भिंतींवरचे डाग मोजले. आकडे साडेतीन फुटांनी इकडेतिकडे. एकाच गल्लीत, चाळीस पावलांत, पाण्याची पातळी साडेतीन फूट वेगळी असूच शकत नाही. पांढरट पापुद्रा सुटलेली रेघ आम्ही पुराची समजत होतो. तो लोणा. मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंतीत पूर ओसरल्यावरही ओल वर चढत राहते आणि जिथे ती सुकते तिथे क्षार बसतो. खरी पाण्याची रेघ त्याच्या फूट-दोन फूट खाली असते.

मग घरात शिरून बघायला लागलो. आत लाटा नसतात, गाळ शांतपणे बसतो. लोखंडी कपाटाच्या मागच्या बाजूला, मीटरच्या पेटीच्या आत, दाराच्या चौकटीच्या वरच्या खाचेत बारीक करडी रेघ मिळते, नखाने खरवडली की पीठ पडतं. एका घरात भांड्यांच्या फळीखाली अशा दोन रेघा एकीवर एक होत्या, खालची जरा ठळक. वरची २०१९ ची, खालची २०२१ ची, कारण ती फळी २०१९ च्या आधीपासून तिथेच आहे आणि नंतर हललेली नाही. घरमालकाला विचारावं लागतं ते एवढंच : वस्तू कधीपासून इथे आहे?

प्रत्येक गल्लीत निदान तीन आतल्या खुणा घेतल्या, एकमेकींपासून दोन इंचांच्या पलीकडे असलेल्या सोडून दिल्या. हाती आलं ते असं : २०१९ चं पाणी ३५ फूट ४ इंच, २०२१ चं ३३ फूट १० इंच. आयर्विनसारखाच क्रम, राजारामच्या उलट. फुगवट्याबद्दलचा अंदाज खरा ठरला.

२२ मार्च

उंबरे आणि रस्ते. मुख्य आकडे :

घाटाचा माथा २१ फूट. ओढ्यावरची मोरी, म्हणजे गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याची सर्वांत खालची जागा, २४ फूट २ इंच. सर्वांत खालचा उंबरा २७ फूट ५ इंच. डीपीचं (विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं) जोतं ३० फूट. शाळेची फरशी ३४ फूट १ इंच.

यातले दोन आकडे सगळ्यांना दाखवले. रस्ता पहिल्या उंबऱ्याच्या सव्वातीन फूट आधी बुडतो. नदी दारात यायच्या कितीतरी आधी ती मागून ओढ्यातून येते आणि वाट बंद करते. लोक दारात पाणी आलं की निघायचं असा हिशेब धरतात, तेव्हा निघायला रस्ता उरलेला नसतो.

दुसरा आकडा शाळेचा. माणसं हलवायची जागा म्हणून आजवर शाळाच धरली जाते. २०२१ च्या पाण्यापासून ती जेमतेम तीन इंच वाचली, २०१९ ला तिथे सव्वा फूट पाणी होतं. फरशीच्या वर सव्वा फुटावर गाळाची रेघ आजही फळ्यामागे आहे.

२९ मार्च

गटाराचा पाइप. नदीकडचं त्याचं तोंड २२ फूट ८ इंचांवर आणि गल्लीतला सर्वांत खालचा चेंबर २५ फूट ३ इंचांवर. म्हणजे नदी उंबऱ्याला लागायच्या आधी गटारातून उलटी वर येणार. तोंडावर झडप बसवायचा विचार होता. पण झडप बंद असताना गावात पडलेला पाऊस आतच साठतो, त्याला पंप लागतो, आणि झडपेत बाटली अडकली तर ती अर्धी उघडीच राहते. यंदा सोडून दिलं. मातीच्या पोत्यांनी तोंड बुजवण्याचं कुणी सुचवलं तर हेच कारण सांगा.

६ एप्रिल

पट्ट्या. आधी स्वस्तातला मार्ग धरला : एसीपीच्या (ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या पत्र्याच्या) पट्ट्या, वर छापील स्टिकर, २,३०० रुपये. बसवण्याआधी एक तुकडा नदीची वाळू आणि पाणी घातलेल्या बादलीत टाकून रोज काठीने ढवळला. आठव्या दिवशी कडा सुटली, दहाव्या दिवशी ४ चा आकडा तरंगत होता. पैसे गेले, पण बादलीतच गेले हे बरं.

आता लोखंडी पट्टी : ६ इंच रुंद, ४ मिलिमीटर जाड, ७ फूट लांब, सहा नग. एकेक साधारण १० किलो. रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर पिवळा ऑइल पेंट, काळे आकडे चार इंच उंच, दर दोन इंचांनी काळा-पिवळा पट्टा.

पट्टी ७ फुटांची असली तरी पुढची ६ फुटांवर सुरू होते : ० ते ७, ६ ते १३, १२ ते १९, १८ ते २५, २४ ते ३१, ३० ते ३७. दोन पट्ट्यांत एक फूट सामाईक असला की पाणी त्या फुटात असताना दोन्ही वाचून ताळा घेता येतो. आणि खालची पट्टी बुडली तरी वरची आधीच चालू असते, पाण्यात उतरावं लागत नाही.

१३ एप्रिल

रंगवलेल्या पहिल्या दोन पट्ट्या पुन्हा रंगवल्या. प्रत्येक फूट मागच्या फुटाच्या रेघेपासून मोजला गेला होता, रेघेची जाडी दर वेळी मिळवत. सातव्या फुटाला ९ मिलिमीटर जास्त. टेप एकदाच वरून खाली लावायचा आणि सगळ्या खुणा त्याच टेपवरून करायच्या.

२० ते २५ एप्रिल

बसवणं. घाटाच्या जुन्या दगडाला भोक पाडलेलं नाही, पहिल्या दोन पट्ट्या अँगलच्या खांबांवर आहेत. तिसरी घाटाच्या बाजूच्या काँक्रीट भिंतीवर, चौथी बाजूच्या उतारावर खांबाला, पाचवी देवळाच्या मागच्या भिंतीवर, सहावी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. भिंतीवरच्या प्रत्येक पट्टीला १२ फास्टनर. विजेच्या खांबावर पट्टी लावायची नाही : पाण्यात प्रवाह उतरण्याचा धोका आहे, शिवाय खांब कलतात आणि बदललेही जातात.

तिसरी पट्टी आधी भिंतीच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या तोंडाशी लावली होती. तिथे केंदाळ (जलपर्णी) आणि उसाचं पाचट अडकतं, पाणी धडकून थोडं चढतंही, त्यामुळे वाचन जास्त येणार. काढून खालच्या अंगाला, आडोशाला लावली. अर्धा दिवस.

१४ मे

परवा वळीव झाला, चांगला दोन तास. आज तपासलं तर चौथ्या पट्टीचा खांब १४ मिलिमीटर वर उचललेला आणि माथ्याशी दीड इंच कललेला. काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पाण्याला फुगते आणि खांबाला धरून वर ओढते. आम्ही खड्डा अडीच फुटांवर थांबवला होता.

खांब उपटला, चार फुटांवर गेलो. ३ फूट ८ इंचांवर मुरूम लागला, काँक्रीट त्यात बसवलं आणि वरच्या भागात काळी माती परत न टाकता मुरूम भरला. अँगलला जोड देऊन, पुन्हा लेव्हल लावून, १,३०० रुपये आणि दोन दिवस. काळ्या रानात वळवाआधी पूरपट्टी पूर्ण झाली असं धरू नका.

२२ मे

खालच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले आणि पाणी आमच्या शून्याच्या चार फूट खाली गेलं. मार्चमधली चूक ती हीच. बरगे घातलेले असताना दिसणारी पायरी ही सर्वांत खालची नव्हती, तिच्याखाली आणखी सहा पायऱ्या आहेत. पुराच्या कामाला यामुळे काही बिघडत नाही, सहा रंगवलेल्या पट्ट्या आता बदलणार नाही. पण दुसऱ्या गावाने शून्य बरगे काढल्यावर धरावं, किंवा दिसणाऱ्या पायरीला सरळ ५ म्हणावं.

२६ मे

हिशेब. नळी ५४०, यंत्राचं तीन दिवसांचं भाडं २,१०० (तिसरा दिवस खांब पुन्हा लावताना), स्टिकरच्या पट्ट्या २,३००, पत्रा ४,५००, कापणं आणि भोकं ९००, रंग १,४५०, अँगल २,८३५, फास्टनर ६४८, सिमेंट १,११०, खडी-वाळू ९००, खांबाची दुरुस्ती १,३००, रेडियम ६००. एकूण १९,१८३ रुपये. यातले स्टिकरचे, दुरुस्तीचे, नळीचे आणि वाया गेलेल्या एका दिवसाच्या भाड्याचे मिळून ४,८४० वाचवता आले असते. मजुरी धरलेली नाही.

रेडियमच्या पट्ट्या दर फुटाच्या रेघेला लावल्या. काठावरून साध्या बॅटरीच्या उजेडात ३० पावलांवरून आकडा वाचता येतो.

१ जून

जनावरांचा हिशेब. गावात मोठी जनावरं ३१०. एका टेम्पोत सहा, म्हणजे ५२ खेपा. चार टेम्पो मिळतात असं धरलं तर १३ फेऱ्या, एका फेरीला भरणं-उतरवणं धरून दीड तास. साडेएकोणीस तास.

पाणी किती वेगाने चढतं? यासाठी लोकांच्या मोबाइलमधले मागच्या पुरांचे फोटो गोळा केले, ज्यांत देवळाची पायरी किंवा एखादा उंबरा दिसतो. फोटो मूळ फोनमधलाच हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर वेळ आल्याची असते, काढल्याची नसते. आमच्याकडच्या फोटोंत सर्वांत जास्त वेग तासाला ३ इंच निघाला.

साडेएकोणीस तास गुणिले ३ इंच म्हणजे ५८ इंचांच्या वर, जवळजवळ पाच फूट. रस्ता २४ फूट २ इंचांवर बंद होतो. एक फूट वाहतं पाणीसुद्धा गाडी हलवू शकतं, म्हणून रस्त्याच्या कडेला पाणी टेकलं की रस्ता बंद धरायचा. मागे मोजत गेलं तर पहिला टेम्पो १९ फुटांवर निघायला हवा. तेव्हा पाणी घाटाच्या माथ्यापासून दोन फूट खाली असतं आणि गावात कुणालाच पूर वाटत नसतो. संध्याकाळी चारनंतर १८ फूट दिसले तरी सुरुवात करायची, कारण अंधारात म्हैस टेम्पोत चढवायला दुप्पट वेळ जातो.

१८ आणि १९ या दोन रेघा लाल केल्या.

९ जून

धरणांचा शिल्लक साठा रोज वहीत लिहायला सुरुवात. ओल्या वर्षानंतर हे महत्त्वाचं, धरणात पाणी जास्त उरलं असेल तर ते लवकर भरतं. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक. तो निर्णय कुणाच्या हातात नसतो, म्हणून किती भरलंय ते आधीपासून माहीत हवं.

वहीत सगळे आकडे फूट-इंचांत लिहायचे, टिंब वापरायचं नाही. ५५.७ असं लिहिलं की कुणी ५५ फूट ७ इंच वाचतं, कुणी ५५ फूट सुमारे साडेआठ इंच. निरोप तोंडोतोंडी जाताना तर हमखास गोंधळ होतो.

८ जुलै

पहिलं खरं वाचन. सकाळी ८ वाजता राजाराम ३१ फूट २ इंच, आपल्याकडे १२ फूट ७ इंच. पाणी सामाईक फुटात असल्याने दुसरी आणि तिसरी पट्टी दोन्ही वाचल्या, फरक अर्ध्या इंचाच्या आत.

२१ जुलै

राजाराम ३१ फूट, म्हणजे ८ तारखेपेक्षा दोन इंच कमी. आपल्याकडे १४ फूट ११ इंच. मधल्या काळात कृष्णा चढली. कोल्हापूरचा आकडा उतरलेला आणि आपली पट्टी २ फूट ४ इंच वर. दोन्ही दिवसांची वाचनं शेजारी शेजारी लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली. राजारामशी जुळवा म्हणणाऱ्यांनी आज स्वतःहून पट्टीचा आकडा विचारला.

२४ जुलै

१६ फूट ३ इंच, चढ तासाला अर्धा इंच. तिसऱ्या पट्टीवर केंदाळ अडकलंय, बांबूने काढलं. आज रात्रीपासून वाचन दर तीन तासांऐवजी दर तासाला, टेम्पोवाल्यांना निरोप दिला आहे.